अटॅकनंतरचा स्वयंपाक: सुरुवात मिठाच्या पुड्यापासून

आईला हार्ट अटॅक आला, एक स्टेंट बसला आणि पाचव्या दिवशी ती घरी आली. घरातल्या प्रत्येक आजाऱ्याचं पथ्य आजवर जिने सांभाळलं, तीच आता आजारी होती. आजोबांची साखर, बाबांचं बीपी, माझी कावीळ, प्रत्येकासाठी तिने वेगळं पातेलं चढवलं होतं. तिच्यासाठी चढवणारं कुणी नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर आहाराबद्दल एकच ओळ होती: ‘लो सॉल्ट, लो फॅट डाएट’. या ओळीचा स्वयंपाक कसा करायचा हे शिकायला मला सहा महिने लागले.

पहिली चूक मी तिच्यासाठी वेगळं अळणी पातेलं चढवून केली. ते दहा दिवस चाललं. अकराव्या दिवशी ती म्हणाली, “अरे, तुमच्यातलंच घाल दोन घास, एकटीसाठी कशाला गॅस जाळतोस?” तिथून पुढे मी घराचंच पातेलं बदललं. खालचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी शिकवलं, नंतर वाचून पडताळलं आणि चुलीवर टिकलं, तेवढंच इथे आहे. घर सांगलीकडचं, त्यामुळे भाकरी, कूट आणि म्हशीचं दूध यांची बाजू जरा जड दिसेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. स्टेंट एक अडलेली जागा उघडतो. बाकीच्या रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षं साचलेलं तिथेच असतं. स्नायूचा जो भाग मेला, तिथे सहा-आठ आठवड्यांत घट्ट व्रण धरतो. कुठल्याही रसाने वा काढ्याने तो भाग परत जिवंत होत नाही. रक्तदाब, एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल), साखर आणि वजन आटोक्यात ठेवून उरलेल्या हृदयाचा भार हलका करणं, एवढं खाण्याचं काम. जास्त मात्रेतलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, एलडीएल जवळजवळ निम्म्यावर आणतं, नुसत्या पथ्याने एवढी उतरण क्वचितच पडते. म्हणून रिपोर्ट चांगला आला की गोळी बंद, हा घरगुती निर्णय घेऊ नका. रिपोर्ट गोळीमुळेच चांगला आलेला असतो.

पायरी 1: हॉस्पिटल सोडण्याआधी विचारायच्या चार गोष्टी

एक, हृदयाचं पम्पिंग किती आहे, आणि पाण्यावर मर्यादा आहे का? दोन, किडनी आणि रक्तातलं पोटॅशियम ठीक आहे का? तीन, रक्त पातळ करणारी गोळी नेमकी कोणती? चार, मधुमेह असेल तर जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळा कशा जुळवायच्या? उत्तरं कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा. पुढच्या प्रत्येक पायरीत ती लागतात. शेजारच्या काकांचं पथ्य आपल्या आईला जसंच्या तसं का चालत नाही, हेही त्यांवरूनच कळतं.

पायरी 2: पहिले पंधरा दिवस

या दिवसांत घरं दोन टोकांना जातात. काही ठिकाणी पेशंटला नुसत्या पेजेवर ठेवतात, काही ठिकाणी ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून शिरा, तूप आणि सुकामेवा भरवतात. दोन्ही नको. पोट गच्च भरलं की पचनासाठी आतड्यांकडे जास्त रक्त पाठवावं लागतं आणि हृदयाचं काम वाढतं. म्हणून तीन मोठ्या जेवणांची पाच-सहा लहान करा. मऊ मूगडाळीची खिचडी, नाचणीची आंबील, दुधी किंवा दोडक्याची भाजी, फुलका, वरण, ताजं दही. जेवल्याबरोबर चालायला किंवा आंघोळीला पाठवू नका, तासभर जाऊ द्या.

बद्धकोष्ठाकडे कुणी लक्ष देत नाही, पण शौचाला जोर लावणं या दिवसांत वाईट. पडून राहणं आणि खाणं कमी होणं यांनी पोट अडतंच. भिजवलेल्या मनुका, पपई, पालेभाजी, गरज पडली तर डॉक्टरांना विचारून इसबगोल.

बायपास झालेल्यांची गोष्ट थोडी वेगळी. छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने जातात, जखमा भरायच्या असतात, त्याला प्रथिनं लागतात. आणि नेमकी तेव्हाच भूक गेलेली असते, तोंडाला चव नसते. पहिले काही आठवडे कॅलरी कापण्यापेक्षा पुरेसं पोटात जाणं महत्त्वाचं. प्रत्येक लहान जेवणात एक प्रथिनाचा पदार्थ ठेवा: मुगाचं धिरडं, पिठलं, अंडं, दही, उकडलेला किंवा रश्शातला मासा, सोयाबीन. वजन उतरवायचा विचार पुढे.

पायरी 3: मीठ

इथे मी रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच केल्या.

जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा. त्यात भाजी, आमटी, भाकरी, लोणचं, बिस्किटं सगळं आलं. हा चमचा डोळ्यांसमोर ठेवून स्वयंपाक होत नाही, हे मला आठवड्यात कळलं. मग आहारतज्ज्ञ बाईंनी सोपी युक्ती सांगितली: पुड्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात एक किलोचा पुडा फोडलात, तर माणशी 5 ग्रॅमने तो 50 दिवस पुरायला हवा. आणि बाहेरून येणारं मीठ वेगळं असतंच, म्हणून साठ दिवसांच्या आसपास टिकला तर ठीक. आमचा 24 दिवसांत संपला. भागाकार करून पाहा, माणशी दहा ग्रॅमच्या वर जातं. वर्षाचं लोणचं घातलं ते मीठ यात धरलेलंच नव्हतं.

कमी करायचं तर एका दिवसात अळणी नको. आम्ही असं केलं. पहिल्या आठवड्यात ताटातलं मीठ उचललं, आणि भात, भाकरी, कणीक यांत मीठ घालणं थांबवलं. भाकरी आपल्याकडे बऱ्याच घरांत बिनमिठाचीच असते, कणकेत मात्र हात जातोच. दुसऱ्या आठवड्यापासून भाजी-आमटीचं मीठ चिमटीऐवजी मोजमापाच्या चमच्याने, आणि गॅस बंद केल्यावर. शेवटी घातलेलं मीठ जिभेला जास्त जाणवतं, त्यामुळे कमी पुरतं. महिन्याभरात जीभ वळते. दोन महिन्यांनी एका लग्नात जेवताना आईच म्हणाली, “किती खारट करतात रे लोक!”

आता छुपं मीठ. पापडात मीठ आणि वर पापडखार, दोन्ही सोडियमच. ढोकळ्यात, इडलीत घातलेलं फ्रूट सॉल्ट, खायचा सोडा, तेही तेच. खारी, टोस्ट, ब्रेड, फरसाण, खारे दाणे, सॉस. किनारपट्टीच्या घरांत सुकट आणि सुके बोंबील. आमच्याकडचा खरा घोटाळा कांदा-लसूण मसाल्याचा निघाला. तो वर्षभर टिकावा म्हणून त्यात मूठ-मूठ मीठ कुटलेलं असतं, आणि आम्ही वर आणखी घालत होतो. आता दोन-तीन महिन्यांपुरता मसाला बिनमिठाचा करतो आणि फ्रीजमध्ये ठेवतो. आमसुलंही बऱ्याचदा मिठात मुरवलेली असतात, ती धुऊन घ्यावीत.

मिठाची उणीव आंबट आणि खमंग चवीने भरून निघते. लिंबू, चिंच, कैरी, ताक, भाजलेलं जिरं, ओवा, लसणाची फोडणी, कढीपत्ता, भरपूर कोथिंबीर. खर्डा आईने सोडला नाही. मग हिरव्या मिरच्या भाजून, लसूण आणि लिंबू घालून मीठ चिमूटभर, असा तह झाला.

शेंदेलोण खाल्लं तर चालतं का? नाही. शेंदेलोण आणि पादेलोण, दोन्हीही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रंग बदलतो, हिशेब बदलत नाही. दुकानात मिळणारं ‘लो सोडियम’ मीठ खरोखर वेगळं असतं, पण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. त्याबद्दल पायरी 6 वाचल्याशिवाय ते घरात आणू नका.

पायरी 4: तेल, तूप, दूध, कूट

तेलाचंही तसंच मोजायचं, डब्याने. माणशी दिवसाला चहाचे तीन चमचे म्हणजे 15 मिली, महिन्याला साधारण अर्धा लीटर. चौघांना दोन लीटर. आमच्याकडे महिन्याला पाच लीटरचा डबा लागायचा. बरणीतून पळीने ओतणं बंद करून लहान चमचा तेलाच्या भांड्यातच ठेवला, त्या एका बदलाने निम्मं काम झालं. भाजी परतायला तेल कमी पडतं तेव्हा आजीची पद्धत: कढईवर ताटली, ताटलीत पाणी, मंद गॅस. भाजी स्वतःच्याच वाफेवर शिजते, खाली लागत नाही. लागलीच तर ताटलीतलं गरम पाणी शिंपडायचं. मिसळीचा कट आणि रश्श्याची तर्री मात्र विसरावी लागते, तिथे पर्याय सापडला नाही.

कोणतं तेल? शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरी, यांपैकी आलटून-पालटून काहीही. महागडं ऑलिव्ह तेल आणायलाच हवं असं नाही. वनस्पती तूप घरात नको. तळलेलं तेल परत तळणीला नको. खोबरेल तेलात संतृप्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी चरबी 90 टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून कोकणातल्या किंवा गोव्यातल्या घरांनी वाटणाचं खोबरं आणि नारळाचं दूध यांवर हात आखडावा. भाजीवर भुरभुरलेल्या चमचाभर ओल्या खोबऱ्याने काही बिघडत नाही.

तुपाचं भांडण प्रत्येक घरात होतं, तेव्हा आकडाच सांगतो. हृदयरोग्याने दिवसभरात संतृप्त चरबी 12 ग्रॅमच्या आसपास ठेवावी. चहाच्या एका चमचा तुपात ती सुमारे 3 ग्रॅम असते. म्हणजे वरणभातावर एक छोटा चमचा तूप घेतलं की दिवसाचा पाव वाटा संपला. घ्यायचं की नाही ते बाकीच्या ताटावर ठरवा. पण तुपावर भांडताना आम्ही दूध विसरलो होतो. म्हशीच्या न साय काढलेल्या दुधात चरबी 6-7 टक्के असते, आणि आई दिवसाला चार कप चहा, शिवाय रात्री कपभर दूध घ्यायची. तुपाच्या चमच्यापेक्षा कितीतरी जास्त तिथूनच जात होतं. दूध तापवून फ्रीजमध्ये ठेवा, साय काढा, परत तापवा, परत काढा. पिशवीचं घेत असाल तर टोन्डमध्ये 3 टक्के आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का चरबी असते. दही-ताक त्याच दुधाचं.

चरबी सरसकट वाईट, ही समजूतही सोडा. स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात हृदयरोग असलेल्या 1002 जणांना सात वर्षं दोन प्रकारच्या आहारांवर ठेवलं होतं, एक कमी चरबीचा, दुसरा ऑलिव्ह तेल, सुकामेवा, मासे, भाज्या असलेला. 2022 मध्ये निकाल आला, दुसऱ्या गटाचं बरं चाललं. त्याआधी फ्रान्समधल्या ल्यों शहरात पहिला अटॅक येऊन गेलेल्यांवर असाच प्रयोग झाला होता. त्यात लोण्याच्या जागी दिलेल्या पदार्थात अल्फा-लिनोलेनिक आम्ल होतं आणि पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण बरंच खाली आलं. हे आम्ल आपल्याकडे कशात भरपूर असतं? जवसात. जवस भाजून, लसूण-तिखट घालून कुटलेली चटणी, दिवसाला एक चमचा. अख्खं जवस मात्र तसंच बाहेर पडतं, कुटायलाच हवं. शेंगदाण्याचा कूट हृदयाचा वैरी नाही, फक्त मूठभर, म्हणजे 25-30 ग्रॅम दिवसाला. आमच्याकडे तो काकडीच्या कोशिंबिरीपासून आमटीपर्यंत सगळीकडे पडतो, म्हणून सकाळीच वाटीत मोजून काढतो.

मांसाहार करणाऱ्यांनी मासे आठवड्यातून दोनदा: बांगडा, तारली, रश्शात किंवा तव्यावर थोड्या तेलात. चिकन कातडी काढून. मटण कधीतरी, आणि पांढऱ्या रश्शाची वाटी भरताना त्यात नारळाचं दूध आहे हे आठवून. अंडं कुणाला किती चालेल ते एलडीएल आणि मधुमेह पाहून डॉक्टर सांगतील.

पायरी 5: ताट फिरवणं

आपल्या ताटात भाकरी-भात मध्यभागी आणि भाज्या कडेला. ते उलटं करायचं. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट उसळ, वरण, मासा किंवा अंडं, उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात. आईचा साधारण दिवस असा: सकाळी चहा अर्धा चमचा साखरेचा, सोबत खारी नाही, दोन अक्रोड. नऊला नाचणीची आंबील ताक-लसूण घालून, किंवा मुगाचं धिरडं. साडेबाराला एक-दीड ज्वारीची भाकरी, वाटी-दीड वाटी मेथी, शेपू किंवा लाल भोपळा, मटकीची उसळ, काकडी-गाजर, जवसाची चटणी. चारला पेरू किंवा पपई, कधी बिनमिठाचे फुटाणे. साडेसातला भाज्या घातलेली मुगाची खिचडी, किंवा भाकरी-पिठलं. ओट्स खाल्लेच पाहिजेत असं नाही. त्यांच्यातला विरघळणारा तंतू कोलेस्टेरॉल उतरवतो हे खरं, पण तसला तंतू जवातही आहे, आणि कडधान्यं, गवार, मेथीदाणा, पेरू यांतही.

बाईच पेशंट असेल तर आणखी एक पाहा. ती सगळ्यांच्या मागून जेवते, उरलेला भात, कालची भाजी आणि पातेल्याच्या तळाची तेलकट आमटी तिच्या वाट्याला येते. कितीही मोजून रांधा, तिचं ताट आधी वाढलं नाही तर सगळी मोजमापं वाया.

पायरी 6: गोळ्या आणि खाणं

शहाळं. भेटायला येणारा प्रत्येक जण दोन-दोन घेऊन येतो. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम बरंच असतं, आणि अटॅकनंतर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या पोटॅशियम शरीरात अडवून ठेवतात. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येणाऱ्या, तसंच स्पायरोनोलॅक्टोन आणि एप्लेरेनोन. किडनी थोडी जरी कमजोर असली तर पोटॅशियम वाढून हृदयाचा ठोका बिघडू शकतो. म्हणून रोजचं शहाळं आणि ‘लो सोडियम’ मीठ, दोन्हींआधी डॉक्टरांना विचारा.

पपनस. ग्रेपफ्रूटचा हा भाऊ काही स्टॅटिनांचं आणि टिकाग्रेलर या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतो. टाळलेलं बरं. संत्रं, मोसंबी चालतात.

वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर (झडप बदललेल्यांना बहुधा असतं) पालेभाज्या बंद करू नका, प्रमाण रोज सारखं ठेवा. आठवडाभर शून्य आणि रविवारी पालकाची परात, असं झालं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय हे दाखवणारा तपासणीचा आकडा, डोलतो.

आणि दुधीचा रस. ‘ब्लॉकेज विरघळवणारा’ म्हणून तो घरोघरी पोचलाय. दुधी कडू निघाला तर त्यातलं कुकरबिटासिन विषारी असतं. 2010 मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा कडू रस पिऊन मृत्यू झाला, आणि त्यानंतर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या समितीने कडू रस पिऊ नये असं बजावलं. दुधीची भाजी करा, तीही चिरताना तुकडा चाखून. कडू लागला तर टाकून द्या. लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगरचे काढे आणि अर्जुनसालीची चूर्णं रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर डॉक्टरांना न सांगता सुरू करू नयेत. फोडणीतला लसूण खुशाल घाला.

पायरी 7: पम्पिंग कमी असेल तर

मग पाण्याचाही हिशेब येतो, बहुतेकदा दिवसाला दीड ते दोन लीटर, नेमकं डॉक्टर सांगतील. त्यात चहा, ताक, आमटी, पेज, सार सगळं मोजायचं. सकाळी तेवढं पाणी बाटल्यांत भरून ठेवा, आणि कपभर चहा प्यायला की कपभर पाणी त्यातून झाडांना घाला. संध्याकाळी किती उरलं ते डोळ्यांना दिसतं. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी, त्याच काट्यावर वजन. तीन दिवसांत दोन किलोने वाढलं तर ती चरबी नसते, अंगात पाणी साचत असतं. पाय सुजायची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.

उपवास, सण आणि ‘गॅस’

आईचे उपवास चतुर्थी, एकादशी आणि गुरुवार. साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पिष्ट, वर तूप आणि दाण्याचा कूट. तिच्या जागी वरीचे तांदूळ, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, ताक, फळं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपवास डॉक्टरांना विचारूनच, कारण साखर एकदम उतरू शकते. गुरुवार सोडवायला मला डॉक्टरांचा उपयोग झाला नाही, तिच्या धाकट्या बहिणीचा झाला. सणाला मोदक उकडीचे, पुरणपोळी एक आणि दुपारीच, त्या रात्री नुसतं ताक आणि मूग.

सणाच्या जेवणानंतर छातीत जळजळलं की आपण ‘गॅस झाला’ म्हणतो आणि सोडा पितो. एकदा अटॅक येऊन गेलेल्याने हा अंदाज स्वतः बांधू नये. छातीत दाब, जबडा किंवा हात भरून येणं, घाम, धाप, यांतलं काहीही असेल तर 108 ला फोन.

स्टॅटिन सुरू झाल्यावर चार ते बारा आठवड्यांत कोलेस्टेरॉल परत तपासतात. अशा रुग्णांत एलडीएल 55 च्या खाली आणायचं बऱ्याच डॉक्टरांचं उद्दिष्ट असतं. आईचं पहिल्या तपासणीत 71 आलं, गोळी वाढवली. परवा मिठाचा नवा पुडा फोडला, आधीच्यावर तिच्या अक्षरात तारीख होती. 52 दिवस. त्यात तिने शेजारणीला दिलेली एक वाटी धरलेली नाही, असं तिचं म्हणणं आहे.